आईचं डीमॅट खातं आणि २०२४ चा बाकीचा हिशेब

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दरवर्षी एक तक्ता करते. भविष्य निर्वाह निधीत किती साठले, पीपीएफमध्ये किती, इंडेक्स फंडाच्या एसआयपीचं (दरमहा ठरलेल्या रकमेच्या गुंतवणुकीचं) काय झालं, सोनं किती, देणं किती. गणित शिकवते म्हणून म्हणा किंवा जिल्हा परिषदेतल्या क्लार्कची मुलगी म्हणून म्हणा, आकडे एका पानावर उतरले की मला बरं वाटतं. यंदा तो तक्ता चहा गार व्हायच्या आत झाला. निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा शेअर निर्देशांक, वर्ष सुरू होताना २१,७०० च्या पुढेमागे होता, ३१ डिसेंबरला २३,६४४ वर थांबला. म्हणजे वर्षाचे पावणेनऊ टक्के. मिडकॅपवाल्यांना, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांना, त्याच्या दुपटीहून जास्त मिळाले आणि ते त्यांनी स्टाफरूममध्ये ऐकवलंही. माझा फंड निफ्टीचा, त्यामुळे मला निफ्टीएवढं. तक्रार नाही.

पण माझं हे वर्ष ज्यात गेलं ते या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ते गेलं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कागदांत.

अण्णा गेले २०२३ च्या दिवाळीनंतर. दिवसपाणी उरकलं, दादा पुण्याला परत गेला, आणि संक्रांतीच्या सुमारास आईने सांगलीच्या गावभागातल्या घराच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. त्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. लग्नाला बावन्न वर्षं झालेल्या बाईला घरातल्या ट्रंकेत काय आहे हे माहीत नसतं, आणि याचं आमच्यापैकी कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

आत एलआयसीच्या भरून संपलेल्या पॉलिशा, पोस्टाची पासबुकं, एका बुडालेल्या पतसंस्थेची ठेवपावती (बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे अण्णांना नंतर कळलं), युनिट चौसष्टची पत्रं, आणि सगळ्यात खाली जाड कागदावर नक्षीदार किनारीत छापलेली शेअर सर्टिफिकिटं. दोन कंपन्यांची. १९९२-९३ च्या सुमाराला घेतलेली, जेव्हा ऑफिसात ज्याच्यात्याच्या तोंडी शेअर होता.

युनिट चौसष्ट म्हणजे काय हे माझ्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही, स्टाफरूममधल्या तिशीतल्या मुलींना सांगावं लागलं. युनिट ट्रस्टची १९६४ सालची योजना. सरकारच पाठीशी आहे असं समजून नोकरदारांनी निवृत्तीचे पैसे त्यात ठेवले आणि २ जुलै २००१ ला ट्रस्टने युनिटची खरेदी-विक्रीच थांबवली. पुढे २००३ मध्ये लोकांना ६.७५ टक्क्यांचे करमुक्त बाँड मिळाले, पैसे सुटले. पण अण्णांच्या लेखी तो विषय संपला. त्यानंतर शेअर, युनिट, फंड यातलं काहीही घरात काढायची सोय नव्हती. मी पहिली एसआयपी सुरू केली ते त्यांना कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. आणि तरी ही सर्टिफिकिटं त्यांनी विकली नाहीत. विकलीही नाहीत, सांगितलीही नाहीत. 'ती रद्दी आहे' एवढंच एकदा म्हणाले होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. दादा फ्रीज उचलायला वाकला तर अण्णा म्हणाले, आधी ट्रंक. रद्दीची. तरी ओल लागलीच होती. सर्टिफिकिटं एकमेकांना चिकटून पापडासारखी कडक झाली होती आणि एकावरचा फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदवहीतला खातेक्रमांक, पार पुसला गेला होता. तो नंबर शेवटी सापडला अण्णांच्या वहीत टाचणीने लावलेल्या जुन्या डिव्हिडंड वॉरंटच्या (लाभांशाच्या चेकच्या) अर्ध्या भागावर. टाचणी गंजून कागदाला तांबडं वर्तुळ पडलं होतं, नंबर त्या वर्तुळाच्या जेमतेम बाहेर.

आईला वाटलं, कागद हातात आहे म्हणजे शेअर आपले. तसं नसतं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत. आधी डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, आणायचे. त्यातून फोलिओवर नाव एकट्या अण्णांचं, नॉमिनीची जागा कोरी. मग वारसांनी अर्ज करायचा. फॉर्मांची नावं आता मला पाढ्यांसारखी पाठ आहेत: केवायसीसाठी आयएसआर-१, बँकेकडून सही पडताळून घ्यायला आयएसआर-२, वारसाच्या नावावर चढवायला आयएसआर-५. शिवाय प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत.

नॉमिनीवरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. दादाचं म्हणणं, अण्णांनी एक सही केली असती तर सगळं वाचलं असतं. वणवण वाचली असती हे खरं. पण नॉमिनी म्हणजे मालक, असं जे आपल्याकडे सर्रास धरून चालतात ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्येच ते स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण होतं 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधलं. नॉमिनीच्या हातात शेअर येतात ते सांभाळायला. मालकी ठरते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. ज्यांच्या कालनिर्णयावर आपण गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहितो त्यांच्या घरचं प्रकरण तिथवर गेलं, तर आपल्यासारख्यांनी मृत्युपत्र करायला काय हरकत आहे? मी केलं यंदा. दोन पानी, साधं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. नवरा आधी हसला आणि मग त्याने स्वतःचंही केलं.

आता यातली खरी गंमत. कागदी शेअर असतील आणि नॉमिनी नसेल, तर एका कंपनीतल्या शेअरची किंमत अर्ज करायच्या दिवशी पाच लाखांपर्यंत असेल तर प्रतिज्ञापत्र आणि ना हरकतींवर भागतं. वर गेली की कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा, म्हणजे वकील, पेपरात नोटीस, कोर्ट फी आणि तारखा. अण्णांचे शेअर तीस वर्षांत बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि स्प्लिटने (एका शेअरचे अनेक) फुगले होते. एप्रिलमध्ये मी हिशेब केला तेव्हा पहिल्या कंपनीतले चार लाखांच्या जरा आत होते. म्हटलं, भरपूर वाव आहे.

सगळा देश बाजार वर जावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता तेव्हा आम्ही दोघं भावंडं तो खाली यावा म्हणून बसलो होतो. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी कोसळला. सांगलीत त्याचं कुणाला काही पडलं नव्हतं. विशाल पाटील अपक्ष निवडून आले होते, गल्लोगल्ली तीच चर्चा. मी घरात कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते आणि दादाचा पुण्याहून फोन, "अगं, आज मस्त पडलाय, आजच पाठवून दे!" पाठवणार काय, कागद तयार कुठे होते.

अडलं होतं ते आईच्या नावावर. आईचं पाळण्यातलं नाव एक, लग्नात तांदळावर लिहिलेलं दुसरं. अण्णांच्या सेवापुस्तकात आणि पेन्शनच्या कागदांत दुसरं नाव. आधार काढताना मात्र कुणीतरी शाळेचा दाखला मागितला, त्यामुळे आधारवर आणि पॅनवर माहेरचं. म्हणजे अण्णांची बायको आणि अर्ज करणारी बाई, कागदोपत्री दोन वेगळ्या बायका. तिच्या पिढीतल्या किती जणींचं असं असेल देव जाणे. एका हौसेची किंमत पन्नास वर्षांनी चुकवावी लागते, आणि ती चुकवते बाईच.

त्यात बँक. आयएसआर-२ वर बँकेच्या अधिकाऱ्याने आईची सही पडताळून शिक्का मारायचा. जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही बँकेत पाय ठेवून बघायचा होता. लाडकी बहीण योजनेसाठी खात्याला आधार जोडायला बायकांची रांग थेट जिन्याखाली. अधिकारीबाईंनी आमचा कागद हातात घेतला, वाचला, "हे काय असतं?" विचारलं आणि म्हणाल्या, "काकू, राखी पौर्णिमेनंतर या." मला राग आला नाही. रांगेत आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशीही होत्या आणि त्यांचं काम आमच्यापेक्षा कितीतरी निकडीचं होतं.

मावशींना पहिले तीन हजार आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्यातले ठेवायचे कुठे? घरात ठेवले तर राहत नाहीत." मी फंडाबिंडाचं काही काढलं नाही. पोस्टात आरडी, महिन्याला पाचशे, ६.७ टक्के. खातं त्यांच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी मुलगी. पासबुक त्या आमच्याकडे ठेवतात. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या पावणेनऊ टक्क्यांपेक्षा ते ६.७ टक्के मला जास्त आवडतात, असं म्हटलं तर माझे विद्यार्थी गणित चुकलं म्हणतील.

२३ जुलैला अर्थसंकल्प आला. शेअरवरचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा १० टक्क्यांवरून १२.५ टक्के कराच्या कक्षेत गेला, सूट लाखावरून सव्वा लाख झाली, आणि सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. टीव्हीवर दिवसभर तेच. आमचं लक्ष मात्र पुलाच्या पट्टीवर होतं, कारण त्याच आठवड्यात पाणी चाळीस फुटांच्या आसपास आलं. चाळीस इशारा पातळी, पंचेचाळीस धोका. आई आमच्याकडे विश्रामबागला राहायला आली. येताना एक पिशवी कपड्यांची आणि एक प्लास्टिकच्या फाइलची. फाइल तिने स्वतः धरली होती, रिक्षातही मांडीवर. पाणी उतरलं, तळमजला कोरडा राहिला.

सोन्याचं एक सांगायचं राहिलं. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुवर्ण रोखे घेतले होते, ग्रॅमला ३,११९ रुपयांनी. आठ वर्षांनी, ५ ऑगस्टला त्यांचे ६,९३८ च्या दराने पैसे आले. वर दरवर्षीचं पावणेतीन टक्के व्याज, आणि मुदतीनंतरच्या नफ्यावर कर नाही. आणि तरी बाई महिनाभर हळहळत होत्या, की शुल्क दहा-बारा दिवस उशिरा कापलं असतं तर आणखी मिळाले असते! दुपटीहून जास्त झालेल्या पैशाचंही दुःख करता येतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

सप्टेंबर आमचा फार वाईट गेला, म्हणजे बाजार फार चांगला गेला. २७ तारखेला निफ्टी २६,२७७ ला शिवून आला आणि अण्णांचे शेअर पाच लाखांच्या पार. दादा वकिलाची फी विचारून आला. गौरी-गणपतीत सगळे जमले होते तेव्हाच या विषयाला वेगळं वळणही लागलं होतं. ना हरकतीवर माझी सही लागणार हे कळल्यावर काकू सहज म्हणाल्या, "सही करतेच आहेस तर घराच्या कागदावरही करून टाक, एकदाचं मिटेल." हक्कसोड म्हणायचं होतं त्यांना. बोलल्या गोडच, ताटात मोदक वाढता वाढता.

मी म्हटलं, "काकू, शेअरची सही आईसाठी देते आहे, दादासाठी नाही. दादाही आईसाठीच देतोय. घराचं आई आहे तोवर आई बघेल." वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरात मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहे, २००५ ची दुरुस्ती झाली ती वडिलोपार्जित मिळकतीसाठी. हे मी तिथे बोलले नाही. दादा बोलला. तो एरवी अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. माझ्या खातेवहीत यंदा जमेच्या बाजूला काही मोठं असेल तर ते वाक्य.

ऑक्टोबरमध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांनी ९४ हजार कोटींच्या आसपास शेअर विकले. लोक हवालदिल झाले, आमचं काम झालं. दसऱ्यानंतर भाव पाच लाखांच्या खाली आला. आणि नेमका त्याच आठवड्यात सरकारने शंभराचा मुद्रांक पाचशेचा केला. आम्ही आधी आणून ठेवलेले शंभराचे कागद तसेच पडून राहिले, प्रतिज्ञापत्रं नव्याने पाचशेच्या कागदावर टंकून घेतली: एक आईची दोन नावं एकाच बाईची आहेत म्हणून, एक वारस आम्ही तिघंच आहोत म्हणून, आणि हमीपत्र वेगळं. नोटरींनी आईला विचारलं, "आजी, काय लिहिलंय ते माहीत आहे ना?" आई म्हणाली, "मी मीच आहे असं लिहिलंय." त्यांनी शिक्का मारला.

भाऊबिजेला दादाचा मुलगा आला होता. पुण्यात नोकरीला आहे, चोवीस वर्षांचा. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मी भांडी लावत असताना स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "आत्या, बाबांना सांगणार नसशील तर एक सांगू?" बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये, म्हणजे बँकांच्या निर्देशांकावर आठवड्याच्या मुदतीने लावलेल्या पैजांमध्ये, त्याने पाऊण वर्षाचा पगार घालवला होता.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबरमध्येच आकडे दिले होते. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ते त्याला माहीत होतं. सगळ्या पोरांना माहीत असतं; प्रत्येकाला वाटतं आपण सात टक्क्यांतले. म्हणून मी ते काढलंच नाही. म्हटलं, ब्रोकरकडून वर्षाचं विवरण डाउनलोड कर आणि लॅपटॉप आण. डायनिंग टेबलवर बसलो. मी त्याला फक्त एकच रकाना बघायला सांगितला: खर्च. प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये, घ्यायला वीस, विकायला वीस, वर व्यवहार कर, एक्सचेंजचं शुल्क, जीएसटी. १ ऑक्टोबरपासून ऑप्शन विकतानाचा व्यवहार करही ०.०६२५ वरून ०.१ टक्के झालेला. बेरीज खाली आली तेव्हा तो गप्प झाला. तोट्याचा पाव हिस्सा निव्वळ खर्चाचा होता. "म्हणजे आत्या, माझे सगळे अंदाज बरोबरी-बरोबरीत सुटले असते तरी एवढे गेलेच असते?" गेलेच असते. अकरावीला मी संभाव्यता शिकवते, पण इतकं मन लावून कुणी ऐकल्याचं आठवत नाही.

१३ नोव्हेंबरला बँक निफ्टीची शेवटची साप्ताहिक एक्सपायरी (मुदतसमाप्ती) झाली, नंतर कराराचा किमान आकार पंधरा लाखांचा झाला. त्याचा आवाका तसाही राहिला नाही. बाबांना मात्र त्याने स्वतःच सांगितलं, डिसेंबरात. दादाने मला फोन केला तो "तुला आधीच माहीत होतं?" विचारायला. मी हो म्हटलं. दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी शेअरचं कुठवर आलं म्हणून त्याचाच फोन.

स्टाफरूममधला यंदाचा मोठा विषय पेन्शनचा. आमच्याकडे १ नोव्हेंबर २००५ ही तारीख म्हणजे भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे, म्हणजे त्या तारखेआधी, लागलेल्यांना जुनी पेन्शन, पलीकडच्यांना नाही. मी अलीकडची. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली, राज्य मंत्रिमंडळाने लगेच दुसऱ्या दिवशी मान्यता दिली, तेव्हा तरुण शिक्षकांचे चेहरे काही फार फुलले नाहीत. त्यांना जुनीच हवी आहे. अशा वेळी गुंतवणुकीवर सल्ला द्यायचा माझा अधिकार किती, हा प्रश्न मला पडतो. शेअर बाजार पडला तरी झोप लागते असं मी म्हणते तेव्हा त्या झोपेत सरकारी पेन्शनचा वाटा केवढा आहे हे मी सांगायला हवं, आणि आता सांगते. 'संयम ठेवा' असं सांगणाऱ्या पुष्कळांच्या मागे अशी एखादी उशी असते.

आईचं डीमॅट खातं मे महिन्यातच उघडलं होतं, कारण शेअर यायचे कुठे ते आधी ठरवावं लागतं. व्हिडिओवर पडताळणी असते. आईने इस्त्रीचं पातळ नेसलं, केस विंचरले, आणि खुर्चीत बसल्यावर म्हणाली, थांब. आत गेली आणि टिकली लावून आली. अण्णा गेल्यापासून लावली नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा अण्णांनीच तिला बातमी वाचून दाखवली होती, असं ती म्हणाली. पलीकडचा मुलगा हिंदीत पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगत होता, ही उलटं धरत होती. मग म्हणाला, माताजी, पलक झपकाइए. आईने मला विचारलं, "काय झटकायचंय?"

नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्या कंपनीच्या रजिस्ट्रारचं (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचं) पत्र आलं: शेअर आईच्या नावे मंजूर, हे पत्र १२० दिवसांत डीमॅटला द्या. दिलं. दुसऱ्या कंपनीचं अजून लटकलंय. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही की तो डिव्हिडंड आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. अण्णांचे गेले होते. परत मिळतात, पण आधी कंपनीकडून हक्काचं पत्र, मग ऑनलाइन अर्ज, मग त्याची छापील प्रत परत कंपनीला. अर्ज गेलाय. पुढच्या डिसेंबरच्या तक्त्यात त्याला ओळ असेल की नाही, सांगता येत नाही.

शेअर खात्यात दिसले त्या दिवशी मी आईला मोबाइलवर दाखवले. तिने आकडा पाहिला, दोनदा विचारला. विकायचे का म्हटलं, तर "आत्ताच आलेत ना, राहू देत" म्हणाली. मग आठवडाभराने तिला मेसेज आला. कंपनीचे दोन ठराव, मतदान ऑनलाइन, शेवटची तारीख अमुक. तिला वाटलं फसवणुकीचा मेसेज, म्हणून घाबरून फोन केला. संध्याकाळी जाऊन मी ठराव वाचून दाखवले. एक, पंच्याहत्तरी ओलांडणाऱ्या एका संचालकांना पुढे ठेवायचं. दोन, व्यवस्थापकीय संचालकांच्या मानधनात वाढ.

"किती मिळतात त्यांना आत्ता?" मी आकडा सांगितला. आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हाताऱ्याला राहू दे, तो काय खातोय. पण ह्याला कशाला वाढ? आपला डिव्हिडंड वाढवला का त्यानं?"

पहिल्या ठरावाला होकार, दुसऱ्याला नकार. ओटीपी तिने स्वतः टाकला. निकाल लागेपर्यंत मला रोज विचारत होती. लागला तेव्हा दोन्ही ठराव नव्वद टक्क्यांच्या वर मतांनी मंजूर झाले होते, तेही तिला वाचून दाखवलं.

"विरोधात आपण एकटेच होतो का?"

"नाही गं, बरेच होते."

"मग दादाला सांग, थोडे त्यानेही घेऊन ठेव म्हणावं. पुढच्या वेळी बघू."